भंडाऱ्यावरचा माणूस
(द्वितीय वर्ष, कला)

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात शिवछत्रपती आणि तुकाराममहाराज यांच्या भेटीचे भव्य शिल्प आहे. कॉलेजला येताना आमची बस रोज त्याच्या जवळून जाते. त्या शिल्पातले तुकोबा मला लहानपणापासून फार शांत वाटत आले. वाटायचे, हा माणूस जन्माला आला तोच असा निवांत. संतांना कसले आले आहे दुःख? ते असते तुमच्या-आमच्यासारख्या संसारी माणसांना. गेल्या काही वर्षांत माझे हे मत पार बदलले. त्याचे कारण अर्धे घरातले आहे आणि अर्धे ग्रंथालयातले.

घरातले आधी सांगते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील एका कारखान्यात फिटर. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझे काका गेले. सख्ख्या भावाचे तोंडही वडिलांना शेवटचे पाहता आले नाही. तेव्हापासून ते बोलेनासे झाले. रात्र-रात्र गॅलरीत बसून राहायचे. पहिल्या पाळीला म्हणून निघायचे आणि अर्ध्या वाटेवरून परत यायचे. चाळीत कुजबुज सुरू झाली की यांच्या डोक्यावर परिणाम झाला. कोणी देवऋषी सुचवला, कोणी थट्टेत येरवड्याचे नाव घेतले. आपल्या भागात ते नाव कशासाठी घेतात हे वाचकांना सांगायला नको. त्या दिवसांत एकदा भाकरी थापता थापता आई म्हणून गेली, की देहूच्या तुकोबालाही लोक वेडाच म्हणत होते. तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण तिच्या त्या एका वाक्याने पुढे कॉलेजात आल्यावर मी गाथा उघडली.

देहू आमच्या घरापासून आठ-दहा किलोमीटरवर. तेथे मोरे घराण्यात तुकोबांचा जन्म झाला. जन्मवर्षाबद्दल वाद आहेत. बहुतेक अभ्यासक १६०८ हे वर्ष धरतात. घर कुणब्याचे, पण व्यापारउदीम करणारे. गावची महाजनकी त्यांच्याकडे होती, सावकारी होती, आणि विश्वंभरबुवा या पूर्वजापासून चालत आलेले विठ्ठलाचे देऊळही घरचेच होते. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरला भाऊ सावजी, मधला तुकाराम, धाकटा कान्होबा. म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेले घर. तुकोबा दरिद्री घरात जन्मले असा पुष्कळांचा समज असतो, तो खरा नाही. ज्याच्याजवळ काहीच नव्हते त्याचे काही गेले नाही. ज्याच्याजवळ सारे होते त्याचे एका मागोमाग एक गेले, अशी ही हकिगत आहे.

सावजीचे मन संसारात नव्हते, म्हणून तेराव्या वर्षीच दुकानाचा भार तुकोबांवर पडला. पहिली पत्नी रखमाबाई दम्याने आजारी असे. तेव्हा पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची मुलगी जिजाई ही दुसरी पत्नी म्हणून आली. हिलाच आपण आवली म्हणून ओळखतो. परंपरा सांगते की तुकोबा सतरा वर्षांचे असताना आईवडील गेले. मग सावजीची पत्नी वारली आणि सावजी तीर्थयात्रेला म्हणून जो निघाला तो परतलाच नाही. एवढे होईपर्यंत तुकोबांनी विशी गाठली नव्हती. माझेच वय एकोणीस आहे. या वयात घरातली इतकी माणसे गेली तर मी काय करीन, हा विचार मनात आला आणि पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवावे लागले.

आणि मग दुष्काळ आला.

१६३० ते १६३२ हा तो काळ. दख्खन आणि गुजरात होरपळून निघाले. शहाजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने या दुष्काळाचे जे वर्णन लिहून ठेवले आहे ते वाचवत नाही. भाकरीसाठी माणसे स्वतःला विकायला निघाली आणि गिऱ्हाईक मिळाले नाही, इथपासून ते माणसाने माणसाचे मांस खाण्यापर्यंतचे सारे त्यात आहे. त्याच सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त करून तेथे गाढवाचा नांगर फिरवला. म्हणजे आभाळही फिरलेले आणि राज्यही ठिकाणावर नाही. अशा वेळी देहूतल्या वाण्याच्या दुकानात काय उरणार? दिवाळे निघाले. रखमाबाई अन्नाविना गेली. तिचा मुलगा संतू, तोही गेला.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जून १६३१ मध्ये, दुष्काळाच्या याच वर्षांत, दख्खनच्या मोहिमेवर आलेल्या शहाजहानची बेगम मुमताज बुऱ्हाणपूरला बाळंतपणात वारली. तिच्यासाठी ताजमहाल उभा राहिला, सारे जग तो पाहायला जाते. रखमाबाईसाठी कोणी दगडावर दगड ठेवला नाही. तिच्या मरणाची नोंद आहे ती फक्त तिच्या नवऱ्याच्या एका अभंगात.

तो अभंग प्रत्येकाने गाथेतून काढून वाचावा. संतांनी आग्रह केला म्हणून तुकोबांनी त्यात स्वतःची हकिगत सांगितली आहे, आणि हे सांगणे बरे नव्हे असा संकोचही सुरुवातीलाच व्यक्त केला आहे. दुष्काळाबद्दल सांगताना ते क्रम कसा लावतात पाहा. आधी पैसा संपला, मग गावातली पत गेली, मग एक बायको अन्न मागत मागत मेली. आणि त्यानंतर ते दुःखाच्याही आधी लाजेचा उच्चार करतात. मला हे वाचून धक्का बसला. कारण आमच्या वडिलांचेही हेच होते. काकांसाठी खाट मिळवायला ते दोन दिवस वणवण फिरले होते. पुढे जेव्हा ते बोलू लागले तेव्हा भाऊ गेल्याचे त्यांनी नंतर सांगितले. आधी सांगितले ते हे, की मला खाट मिळवता आली नाही. जो वाचतो त्याला आपण वाचलो याचीच लाज वाटते. मानसशास्त्राच्या तासाला आम्हांला सांगितले होते, की अशा मानसिक आघाताच्या परिणामांना अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये, व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवानंतर, एक स्वतंत्र विकार म्हणून आपल्या यादीत घेतले. नाव १९८० चे असेल. पण दुखणे देहूत साडेतीनशे वर्षे आधी होऊन गेलेले आहे. अर्थात तुकोबांना मी कोणत्याही आजाराचे नाव चिकटवत नाही. ती माझी पात्रता नाही आणि तो या लेखाचा उद्देशही नाही.

गाथेत आणखीही एक अभंग आहे. पत्नी गेली ते बरेच झाले, मूल गेले तेही बरेच झाले, सगळे गेले आणि आता विठोबा, तू आणि मी दोघेच उरलो, असा त्याचा भाव आहे. कीर्तनकार हा अभंग वैराग्याचे शिखर म्हणून सांगतात. असेलही. पण मला तो वाचताना प्रथम भीती वाटली. जे जे गेले त्या प्रत्येकाच्या नावापुढे माणूस बरे झाले, बरे झाले असे म्हणत जातो, तेव्हा त्याला खरोखर बरे वाटत असते का? की नुसती यादी उच्चारण्यासाठीच त्याला त्या शब्दाचा आधार लागतो? कदाचित दोन्ही खरे असेल. आमच्या सरांचे मत वेगळे आहे आणि त्यांच्याशी माझा वाद अजून संपलेला नाही.

आता तुकोबा डोंगराकडे का गेले ते पाहू. भामचंद्र, भंडारा आणि घोरवडेश्वर हे तिन्ही डोंगर आपल्या परिसरातले. घोरवडेश्वर तर महामार्गावरून जाता-येता दिसतो. भामचंद्राच्या परिसरात आज चाकणच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची छपरे चमकतात. तेव्हा तेथे रान होते. या भामचंद्रावर तुकोबा पंधरा दिवस एकटे राहिले आणि तेथे त्यांना साक्षात्कार झाला, असे चरित्रकार सांगतात. चरित्रे साक्षात्काराशी थांबतात. मला मात्र पुढचा प्रसंग मोलाचा वाटतो. धाकटा कान्होबा रानोमाळ हिंडत भावाला शोधत शोधत तेथे पोचला. घर बुडालेले, वहिनी आणि पुतण्या गेलेला, एक भाऊ कायमचा निघून गेलेला. अशा वेळी उरलेला दुसराही जाऊ नये म्हणून हा पोरगा डोंगर धुंडाळत होता. तो वर पोचला नसता तर? साक्षात्कार झालेला माणूससुद्धा खाली यायला कोणीतरी न्यायला यावे लागते.

खाली आल्यावर इंद्रायणीच्या काठी दोघा भावांनी सावकारीच्या कागदांची वाटणी केली. निम्मे कान्होबाला दिले. आपल्या वाटणीचे निम्मे तुकोबांनी डोहात सोडले. याला आपण त्याग म्हणतो, आणि तो त्याग आहेच. पण ते कागद कोणावरचे होते? दुष्काळाने ज्यांची घरे उजाडली त्यांच्यावरचे. वसुलीला जायचे म्हणजे त्याच दारांत उभे राहायचे, त्याच रिकाम्या चुली पाहायच्या. स्वतःच्या घरात भूक पाहिलेल्या माणसाच्याने ते झाले नसावे. कान्होबाने आपला हिस्सा ठेवला म्हणून काही लोक त्याला नावे ठेवतात. मी ठेवणार नाही. त्यालाही घर चालवायचे होते.

यानंतरच्या गोष्टी तुकोबांनी स्वतःच त्या आत्मचरित्रपर अभंगात सांगितल्या आहेत, आणि त्या इतक्या साध्या आहेत की चमत्काराच्या शोधात असणाऱ्याला त्या दिसतच नाहीत. घरचे देऊळ मोडकळीला आले होते, ते त्यांनी दुरुस्त केले. एकादशीला कीर्तन सुरू केले. सुरुवातीला अभ्यासात मन लागत नव्हते, हे ते मोकळेपणाने कबूल करतात. मग आधीच्या संतांची वचने पाठ केली. जे गात त्यांच्या मागे उभे राहून धृपद धरले. देहाला कष्ट देऊन जमेल तेवढा परोपकार केला. येथे विजेसारखे काही चमकत नाही. माती कालवणे आहे, पाठांतर आहे, दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळणे आहे. स्वतःचे शब्द नव्हते तेव्हा त्यांनी दुसऱ्यांचे शब्द उसने घेतले. स्वतःची कविता पुष्कळ नंतर आली. माघ शुद्ध दशमीला बाबाजींनी स्वप्नात गुरुमंत्र दिला आणि नामदेवांनी, विठ्ठलाला बरोबर घेऊन, स्वप्नात येऊन कवित्व करायला सांगितले, तेव्हा.

अमेरिकेत जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या एका सहकाऱ्याबरोबर केलेला एक प्रयोग १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्याने चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहायला सांगितले. काहींना किरकोळ विषयांवर, काहींना आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या आघातावर. आघातावर मन मोकळे करून लिहिणाऱ्यांना लिहिल्यावर लगेच अधिकच उदास वाटले. पण पुढच्या सहा महिन्यांत कॉलेजच्या दवाखान्याची पायरी त्यांना इतरांपेक्षा कमी वेळा चढावी लागली. हे मी वाचले तेव्हा गाथेतले एक कोडे थोडेसे सुटले. तुकोबा लिहू लागले आणि दुःख संपले, असे गाथेत कोठेच नाही. उलट लिहिते झाल्यानंतरच तळमळ वाढते. देवाशी भांडण वाढते, स्वतःच्या मनाची भीती वाढते. एका अभंगात गाभाऱ्यातला आनंद, तर पुढच्याच पानावर काळोख. साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. मनाशी चाललेली एवढी दीर्घ झुंज कोणी इतकी उघड्यावर लिहून ठेवली असेल असे वाटत नाही.

आणि ती झुंज त्यांना एकट्याने द्यावी लागली नाही. टाळकरी होते, चौदा जण सांगतात. त्यांत चाकणचे संताजी जगनाडे होते, जातीने तेली. कडूसचे गंगाराम मवाळ होते. हे दोघे तुकोबांचे शब्द लिहून घेत. संताजींची समाधी जवळच सुदुंबऱ्याला आहे. तुमच्या तोंडातून निघालेले दुःख कोणीतरी शेजारी बसून जपून लिहून घेत आहे, याहून मोठा दिलासा तो कोणता?

म्हणूनच पुढचा घाव इतका खोल गेला. शूद्राने अशी रचना करू नये म्हणून वाघोलीच्या रामेश्वरभटांच्या सांगण्यावरून वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून नदीकाठच्या शिळेवर पडून राहिले. ज्या नदीत त्यांनी आपल्या हाताने कर्जाचे कागद सोडले त्याच नदीत आता त्यांचे शब्द दुसऱ्यांनी बुडवले होते. वह्या कोरड्या वर आल्या अशी श्रद्धा आहे. कित्येक अभ्यासक म्हणतात की अभंग लोकांना पाठ होते, त्यांनी ते परत आणून दिले. माझी आई पहिले मानते, मला दुसरे पटते. पण दोन्हींत जे गेले ते परत मिळाले आहे. दुष्काळाने नेलेले काहीच परत आले नव्हते. हे पहिलेच. रामेश्वरभट पुढे तुकोबांचे शिष्य झाले.

आता आवलीविषयी. मराठी माणसाच्या मनात आवली म्हणजे कजाग बायको. महिपतींनी अठराव्या शतकात चरित्र लिहिले त्यात ती भांडते. प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात ती भांडते, आणि थिएटर हसते. पण हिशेब मांडून पाहा. जो दुष्काळ तुकोबांनी पाहिला तोच हिनेही पाहिला होता. सवत उपाशी मरताना त्याच घरात पाहिली होती. पुण्याच्या सावकाराची ही लेक, आता दिवाळखोराच्या घरात होती. नवरा भंडाऱ्यावर जाऊन बसे तेव्हा ही भाकरी घेऊन उन्हातान्हात डोंगर चढे. तिच्या पायात काटा रुतला आणि तो विठ्ठलाने काढला अशी कथा आहे. आम्ही मैत्रिणी मागच्या वर्षी भंडारा चढलो. आता वरपर्यंत गाडीरस्ता आहे, तरी आम्हांला धाप लागली. तिच्या ओरडण्याला आपण स्वभाव म्हणतो. तेच तिच्या नवऱ्याने केले तर त्याला तळमळ म्हणतो. तिचे दुःख लिहून घ्यायला शेजारी संताजी जगनाडे बसले नव्हते.

आमच्या घरी आई दोन वर्षे तशीच डोंगर चढत होती. धुणी-भांडी करून आली की वडिलांपुढे ताट ठेवायची आणि ते जेवेपर्यंत हलायची नाही. भांडायचीही. शेवटी तिनेच त्यांना हाताला धरून महापालिकेच्या दवाखान्यात नेले. तेथे मनोविकारतज्ज्ञ आहेत हे तिला ती ज्यांच्याकडे काम करते त्या बाईंनी सांगितले होते. गोळ्या सुरू झाल्या, पंधरा दिवसांनी बोलायला बोलावू लागले. २०२२ च्या ऑक्टोबरात टेली-मानसची १४४१६ ही फुकट सेवा सुरू झाली; आम्ही ज्या रात्री जागून काढल्या तेव्हा ती नव्हती. वडील आता पुन्हा कामावर जातात. रात्री मध्येच उठून गॅलरीत जातात, नाही असे नाही. आईला मात्र अजून कोणी दवाखान्यात नेलेले नाही. हे वाक्य लिहिताना माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले आहे.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे इ.स. १६५० मध्ये, तुकोबा गेले. सदेह वैकुंठाला गेले ही वारकऱ्यांची श्रद्धा; तीच तुकाराम बीज. आवली तेव्हा गरोदर होती. नारायण हा मुलगा वडिलांच्या पश्चात जन्मला, आणि त्यानेच पुढे १६८५ मध्ये देहूहून पालखीची प्रथा सुरू केली. ती पालखी दरवर्षी आमच्या निगडीवरूनच आकुर्डीच्या मुक्कामाला जाते.

गाथेत तुकोबांच्या अभंगांबरोबर कान्होबाचेही काही अभंग आहेत. कॉलेजात कोणी ते नेमलेले नाहीत, आणि मला ते पाने उलटताना अचानक सापडले. भाऊ गेल्यानंतरचे ते आहेत. ज्याने एकदा डोंगरावरून भावाला शोधून आणले होते त्याला या वेळी जायला डोंगरच उरला नाही. मग तो विठोबालाच धरतो. माझा भाऊ मला परत दे म्हणतो, रागावतो, वाटेल ते बोलतो. त्यात वैराग्य नाही आणि समजूतही नाही. बरे झाले असे तो एकदाही म्हणत नाही.

एका रविवारी मी ते अभंग वडिलांना वाचून दाखवले. ते भिंतीला टेकून ऐकत होते. मी पुस्तक मिटले तर म्हणाले, थांब, पहिल्यापासून वाच.